पुढे पळून मागे येणारी वेळ : कर्नलच्या कालगणनेतील रेस कंडिशन कशी शोधावी आणि कशी दुरुस्त करावी

भोसरी एमआयडीसीतील एका प्रेसशॉपमध्ये आम्ही तयार केलेले डेटा लॉगर बसवलेले आहेत. प्रेसचा प्रत्येक ठोका पडला की एक इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा संकेत) येतो, आमचा ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा कोड) त्या क्षणाची वेळ घेतो आणि दाबाच्या मोजमापासह लॉगमध्ये एक ओळ लिहितो. तिथल्या सुपरवायझरांनी एका सकाळी प्रिंटआउटवर पेनने गोल केलेली ओळ माझ्यापुढे ठेवली आणि ते म्हणाले, "साहेब, ही एकच ओळ बघा. तीन मिनिटं पुढं गेलीय, आणि खालची परत जागेवर. प्रेस तर एक मिनिटही बंद नव्हता." ओळींमधली वेळ बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या सेकंदांत होती :

४१२०६.११४
४१२०७.१०९
४१३८७.०६३
४१२०९.१०२

अशा ओळी दिवसाला एक, क्वचित दोन सापडत होत्या. कोथरूडच्या आमच्या लॅबमध्ये तेच सॉफ्टवेअर कित्येक महिने चालू होते आणि तिथे अशी एकही ओळ कधी दिसली नव्हती. हा दोष शेवटी रेस कंडिशनचा निघाला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांपैकी कोणते आधी झाले यावर उत्तर बदलत होते. दोष सरळ दिसत नसला, मागितल्यावर पुन्हा घडत नसला आणि लॉगमध्ये मात्र अधूनमधून हजेरी लावत असला, तर त्याचा माग कसा काढावा, तो खरोखर तोच आहे हे कसे सिद्ध करावे आणि दुरुस्ती पुरी झाली असे कधी म्हणावे, ते या एका उदाहरणावरून सविस्तर लिहितो. उदाहरण लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) ड्रायव्हरचे असले, तरी वेळ मोजणारा कोणताही कोड याच चार-दोन घटकांचा बनलेला असतो, त्यामुळे पद्धत इतरत्रही लागू पडेल.

कोड उघडण्याआधी आकडा वाचावा

कालगणनेतील दोषांचा एक मोठा आधार असा, की ते बहुतेक वेळा मनाला येईल तेवढी चूक करत नाहीत. चुकीचे माप ठरलेले असते, आणि त्या मापावरून दोष कोणत्या घटकात आहे हे कोड न पाहताही बरेचसे सांगता येते. म्हणून पहिली पायरी ही, की चुकलेल्या ओळीत खरी वेळ काय असायला हवी होती ते शेजारच्या ओळींवरून काढावे आणि फरक लिहून ठेवावा. आमच्या लॉगमध्ये ठोके साधारण एका सेकंदाच्या अंतराने पडत होते, म्हणजे तिसरी ओळ ४१२०८.१०६ च्या आसपास असायला हवी होती. फरक १७८.९५७ सेकंद. अशा अकरा ओळी जमवल्यावर प्रत्येकीचा फरक काही मिलिसेकंद इकडे-तिकडे १७९ सेकंदांच्या जवळच येत होता. ठोक्यांमधले अंतरच तेवढे हलत असल्यामुळे यापेक्षा जास्त अचूकता लॉगवरून मिळणार नव्हती, पण तेवढी पुरेशी होती.

आता हा आकडा कुठून येऊ शकतो ते पाहू. आमच्या बोर्डावरचा टायमर २४ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याचा काउंटर ३२ बिटांचा आहे. ३२ बिटांचा काउंटर शून्यापासून भरून पुन्हा शून्यावर यायला टायमरचे ४,२९,४९,६७,२९६ ठोके घेतो, आणि २४ मेगाहर्ट्झने त्याला १७८.९५६९७ सेकंद लागतात. म्हणजे चूक काउंटरच्या नेमक्या एका पूर्ण फेरीएवढी आहे.

हाच आकडा वेगळा असता तर शोधाची दिशाही वेगळी असती, म्हणून इतर ओळखीचे आकडेही सांगून ठेवतो. फरक ४.२९५ सेकंदांचा असेल, तर ३२ बिटांच्या प्रोसेसरवर नॅनोसेकंदांचा ६४ बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचला गेला असण्याची दाट शक्यता असते, कारण २ चा ३२ वा घात एवढे नॅनोसेकंद म्हणजे ४.२९४९६७२९६ सेकंद. वरचा तुकडा नवा आणि खालचा जुना हाती आला, की वेळ बरोबर तेवढी पुढे जाते. फरक बरोबर एक सेकंद असेल, तर सेकंद आणि नॅनोसेकंद वेगवेगळे ठेवलेल्या जागी हातचा सांभाळलेला नसतो. फरक एका टिकएवढा (टिक म्हणजे टायमरकडून ठरावीक अंतराने येणारा इंटरप्ट), म्हणजे सेकंदाला १०० टिक असतील तर १० मिलिसेकंद असेल, तर आधारवेळ नवी आणि काउंटरची मागची नोंद जुनी, किंवा याच्या उलट, अशी सरमिसळ झालेली असते; या दोन्ही गोष्टी पुढे सांगतो. आणि फरक दरवेळी निराळा येत असेल, तर आधी घड्याळ कोणते वापरले आहे ते तपासावे, कारण भिंतीवरच्या घड्याळाशी जुळणारी वेळ कोणीही मध्येच बदलू शकते, तर मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारी, वेळ कोणी बदलत नाही.

पूर्ण फेरीएवढा फरक दिसला, की पहिला संशय असा येतो की काउंटर फिरून शून्यावर आला आणि मधली एक फेरी मोजायचीच राहिली. हा संशय आम्हालाही आला आणि त्यात दोन दिवस गेले. तो दूर करायला चुकीची दिशा पाहणे पुरेसे होते. फेरी मोजायची राहिली असती, तर घड्याळ १७९ सेकंद मागे पडले असते आणि ते कायमचे मागेच राहिले असते. इथे वेळ पुढे गेली होती आणि पुढच्याच ओळीला पूर्ववत झाली होती. याचा अर्थ साठवलेली वेळ सुरक्षित होती आणि फक्त एक वाचन चुकले होते. दोष लिहिणाऱ्या बाजूला नसून वाचणाऱ्या बाजूला आहे, हे इथवर एकही फाइल न उघडता कळले.

वेळ मुळात कशी काढली जाते

कर्नल सतत धावणारे घड्याळ साठवून ठेवत नाही. तो चार गोष्टी साठवतो : शेवटच्या नोंदीच्या क्षणाची आधारवेळ, त्या क्षणी टायमरच्या काउंटरवर असलेला आकडा, एक गुणक आणि एक शिफ्ट. वेळ मागितली, की काउंटरचा आताचा आकडा वाचायचा, त्यातून मागची नोंद वजा करायची, फरकाला गुणकाने गुणून शिफ्टएवढे बिट उजवीकडे सरकवायचे आणि मिळालेले नॅनोसेकंद आधारवेळेत मिळवायचे. २४ मेगाहर्ट्झसाठी शिफ्ट २४ धरली तर गुणक ६९,९०,५०,६६७ येतो. भागाकार महाग असल्यामुळे तो टाळण्यासाठी ही युक्ती आहे. दर टिकला एक फंक्शन आधारवेळ पुढे नेते आणि मागची नोंद ताजी करते.

वजाबाकी चिन्हरहित ३२ बिटांत केली जाते आणि ती तशीच असली पाहिजे, कारण त्यामुळेच काउंटर शून्यावर फिरून आला तरी फरक बरोबर निघतो. मात्र या सोयीला एक अट आहे : आताचा आकडा हा मागच्या नोंदीनंतरचाच असला पाहिजे. तो तीन ठोके आधीचा निघाला, तर उत्तर उणे ३ येत नाही, ४,२९,४९,६७,२९३ येते. नेमके इथेच घोडे पेंड खाते.

आधारवेळ, नोंद आणि गुणक हे तिन्ही एकाच क्षणाचे असावेत यासाठी सीककाउंट वापरतात. ही रचना लिनक्समध्ये पहिल्यांदा वापरली गेली तीही वेळ वाचण्यासाठीच. बदल करणारा भाग सुरुवातीला क्रमांक एकाने वाढवून विषम करतो, बदल करतो आणि शेवटी पुन्हा एकाने वाढवून सम करतो. वाचणारा भाग आधी क्रमांक पाहतो, तो विषम असेल तर थांबतो, सम असेल तर सगळे वाचतो आणि शेवटी क्रमांक तोच आहे ना ते पाहतो. बदललेला असेल तर वाचलेले सगळे टाकून पुन्हा सुरुवातीपासून वाचतो. वाचणाऱ्याला लॉक (इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप) घ्यावे लागत नाही, म्हणून इंटरप्टमधूनही ते परवडते.

आमच्या ड्रायव्हरने स्वतःचे घड्याळ का ठेवले, हे सांगितले पाहिजे. त्या ओळीतील सगळ्या प्रेसना एक मुख्य कंट्रोलर दर मिनिटाला सिंक पल्स देतो आणि सगळ्या लॉगरनी त्या पल्सशी जुळलेली वेळ द्यावी अशी अट होती, त्यामुळे कर्नलची वेळ जशीच्या तशी चालणार नव्हती. तुमच्याकडे असे सबळ कारण नसेल, तर पुढचे काहीही न करता स्वतःचा कोड काढून टाकावा आणि कर्नलचे केटाइम गेट हे वेळ देणारे फंक्शन वापरावे. मला आजवर भेटलेल्या अशा प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक तिथेच मिटली असती.

नऊ ओळींमधली एक ओळ

आमचा वाचणारा भाग, मराठीत मांडला तर, असा होता :

आत्ता = टायमरचा काउंटर वाचा
पुन्हा पुन्हा करा :
　क्रमांक = सीककाउंटची सुरुवात
　आधार = आधारवेळ
　मागचा = मागची नोंद
　गुणक = चालू गुणक
क्रमांक बदललेला असेल तोवर
फरक = आत्ता वजा मागचा
उत्तर = आधार + (फरक × गुणक) उजवीकडे शिफ्ट

हा कोड दोन जणांनी तपासलेला होता आणि तपासणीत कोणालाही खटकला नव्हता, कारण डोळा सीककाउंट शोधतो, तो सापडतो, तिन्ही व्हेरिएबल त्याच्या आत आहेत हे दिसते आणि मन समाधान पावते. पहिली ओळ बाहेर ठेवण्यामागे हेतूही चांगला होता : इंटरप्ट आल्याबरोबर काउंटर वाचावा, म्हणजे ठोक्याचा क्षण जास्तीत जास्त अचूक मिळेल.

आता दोन कोअर (प्रोसेसरचे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारे भाग) शेजारी ठेवून पाहू. कोअर १ वर प्रेसचा इंटरप्ट येतो आणि काउंटर वाचला जातो. आकडा १०,००० मिळतो. त्याच वेळी कोअर ० वर टिक येते, बदल करणारा भाग काउंटर वाचतो, त्याला १०,००३ मिळतात, तो आधारवेळ पुढे नेतो, मागची नोंद १०,००३ करतो आणि क्रमांक सम करून मोकळा होतो. यानंतर कोअर १ सीककाउंटच्या आत शिरतो. त्याला आधारवेळ, नोंद आणि गुणक तिन्ही नवे, तिन्ही एकमेकांशी सुसंगत मिळतात, क्रमांकही बदलत नाही, म्हणून पुन्हा वाचण्याचे कारण उरत नाही. आणि मग १०,००० मधून १०,००३ वजा होतात.

सीककाउंटने आपले काम चोख केले. त्याने पाहिलेल्या तीन गोष्टींत खरोखर काहीच विसंगत नव्हते. चौथी गोष्ट, म्हणजे टायमरचा काउंटर, त्याच्या नजरेबाहेर वाचली गेली होती. काउंटर हे व्हेरिएबल नाही, त्यात कोणी लिहीत नाही, म्हणून तो संरक्षण लागणाऱ्या माहितीत आपण मोजतच नाही. पण उत्तर त्या चौघांचे मिळून बनते, आणि म्हणून चौघेही एकाच खिडकीत वाचले गेले पाहिजेत. या प्रकारच्या दोषात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

यावरून हेही समजते की स्वयंचलित साधने इथे का गप्प राहतात. कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, केसीसॅन हे साधन मूळ कर्नलमध्ये आहे आणि ते अतिशय उपयुक्त आहे. पण ते मेमरीतल्या एकाच जागेवर दोघांचे असुरक्षित वाचन-लेखन शोधते. आमच्याकडे प्रत्येक जागा नियमाप्रमाणे वाचलेली होती. लॉकचा वापर तपासणाऱ्या लॉकडेपलाही आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. दोष मेमरीत नव्हता, क्रमात होता.

लॅबमध्ये तो का दिसला नाही, याचेही उत्तर इथेच आहे. लॅबमधला बोर्ड जुना, एका कोअरचा होता. त्यावर इंटरप्टमध्ये वेळ वाचली जात असताना मध्ये टिक शिरूच शकत नव्हती.

दोष मागितल्यावर घडवून आणणे

दुरुस्ती सुचली तरी ती लगेच करू नये. दिवसातून एकदा घडणारा दोष दुरुस्तीनंतर एक दिवस दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आधी तो हुकमी घडवता आला पाहिजे.

हिशोबाने सुरुवात करावी. काउंटर वाचणे आणि सीककाउंटमध्ये शिरणे यांत सुमारे ०.२ मायक्रोसेकंद जात होते आणि टिक १० मिलिसेकंदांनी येते. म्हणजे ५०,००० वाचनांत एक चुकण्याची शक्यता. सेकंदाला एक ठोका धरला तर ५०,००० सेकंद म्हणजे जवळपास १४ तास. दिवसाला एक-दोन ओळी का सापडत होत्या ते नीट जुळते. हा हिशोब जुळला नसता तर मी कारण चुकीचे धरले असे मानले असते.

आता ती फट मुद्दाम रुंद करावी. चाचणीच्या बिल्डमध्ये काउंटर वाचल्यानंतर आणि सीककाउंटच्या आधी ५० मायक्रोसेकंदांचा विलंब घालावा, टिक एका कोअरवर आणि वाचणारा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) दुसऱ्या कोअरवर बांधून ठेवावा. शक्यता २०० वाचनांत एक एवढी वाढते. आमच्या बोर्डावर विलंब घातल्यापासून पहिल्याच सेकंदात चुकलेली वाचने दिसू लागली आणि त्यांचा आकडा या अंदाजाच्या जवळ राहिला. लॉगमध्ये न दिसणारा 'आत्ता वजा मागचा' हा फरक इथे लख्ख दिसतो : एका फेरीपेक्षा मोजके ठोके कमी, हे ठोके किती ते विलंबावर अवलंबून. विलंब कमी-जास्त केला की ते त्याच प्रमाणात बदलतात, आणि कारण पकडल्याची याहून चांगली खूण नाही.

चाचणी लिहिताना मात्र काळजी घ्यावी, कारण तपासणारा कोडही अनेक कोअरवर चालतो आणि त्यातही रेस कंडिशन असू शकते. एकाच थ्रेडने लागोपाठ दोनदा वेळ घेऊन दुसरी पहिलीपेक्षा कमी नाही ना, एवढे पाहणे सोपे आहे. अनेक थ्रेडमध्ये ताडून पाहायचे असेल, तर आतापर्यंतची सर्वांत मोठी वेळ सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवावी लागते, आणि तिथे क्रम असा हवा : आधी ती मोठी वेळ वाचावी, तिथे योग्य बॅरिअर (वाचन-लेखनाचा क्रम राखणारी सूचना) असावा, आणि नंतरच स्वतःची वेळ घ्यावी. स्वतःची आधी घेऊन मग मोठी वाचली, तर मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने प्रामाणिकपणे पुढची वेळ लिहिलेली असू शकते आणि चाचणी नसलेला दोष दाखवते. ही चूक मी प्रत्यक्ष होताना पाहिली आहे आणि तिच्यामुळे चांगला कोड दोषी ठरवला गेला होता. आणखी एक : पुढे उडालेली एक वेळ त्या सामाईक जागी लिहिली गेली, की पुढचे तीन मिनिटे प्रत्येक वाचन मागे गेल्यासारखे दिसते. म्हणून पहिली चूक सापडताच चारही घटक नोंदवून चाचणी थांबवावी. हजारो ओळींचा ढीग कामाचा नसतो.

दुरुस्ती

मूळ दुरुस्ती एका ओळीची आहे. काउंटर वाचणारी पहिली ओळ चक्राच्या आत, सीककाउंटची सुरुवात झाल्यानंतर आणि शेवटच्या तपासणीच्या आधी आणावी. मग मध्ये टिक येऊन गेली तर क्रमांक बदललेला दिसतो, काउंटरचा जुना आकडा इतर तिघांबरोबर टाकला जातो आणि चौघेही नव्याने वाचले जातात. कर्नलची स्वतःची टाइमकीपिंगची फाइल उघडून केटाइम गेट पाहावे. काउंटर तिथेही चक्राच्या आतच वाचला जातो, आणि यूजर प्रोग्रामला थेट वेळ देणाऱ्या व्हीडीएसओमध्येही तसेच आहे. ठोक्याचा क्षण थोडा उशिरा नोंदला जाईल ही काळजी इथे करू नये. तो उशीर मायक्रोसेकंदाच्या अंशाचा असतो. क्षण खरोखरच त्याहून अचूक हवा असेल, तर हार्डवेअरची कॅप्चर सुविधा वापरावी आणि पकडलेला आकडा मागच्या नोंदीच्या आधीचा असू शकतो हे गृहीत धरून चिन्हासह वजाबाकी लिहावी. तो निराळा, जाणीवपूर्वक लिहायचा कोड आहे.

पण ओळ हलवली म्हणजे काम संपले नाही. कोडमध्ये आत असलेली ओळ प्रोसेसर प्रत्यक्षात आतच पार पाडतो का, हेही पाहावे लागते. आमचा टायमर प्रोसेसरबाहेरचा, मेमरी-मॅप्ड (मेमरीसारखा पत्त्याने वाचता येणाऱ्या) रजिस्टरचा आहे. त्याचे वाचन रिलॅक्स्ड (क्रमाची हमी न देणाऱ्या) प्रकाराने न करता साध्या रीड-एल या फंक्शनने केले, कारण त्यात पुढच्या वाचनांशी क्रम राखणारा बॅरिअर येतो. काउंटर प्रोसेसरच्या आतच असेल तर जास्त जपावे लागते. एक्स८६ वरील टाइम स्टॅम्प काउंटर वाचणारी सूचना प्रोसेसर आधीच उरकू शकतो, म्हणून तिच्यापूर्वी लोड फेन्स ही क्रम राखणारी सूचना लागते. आर्मच्या जेनेरिक टायमरपूर्वी आयएसबी ही तशीच सूचना लागते. ती नसेल तर काउंटर क्रमांकाच्याही आधी वाचला जाऊ शकतो आणि आपण नुकताच काढलेला दोष परत येतो. फरक एवढाच, की आता तो सोर्समध्ये कुठेच दिसत नाही.

यानंतर बदल करणाऱ्या बाजूकडे वळावे. सीककाउंट विषम असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि त्या इंटरप्टमध्ये कोणी वेळ मागितली, तर वाचणारा भाग क्रमांक सम होण्याची वाट पाहत बसतो, आणि सम करणारा भाग तो इंटरप्ट संपण्याची वाट पाहत असतो. बोर्ड तिथेच थिजतो. आमच्याकडे टिकमधला बदल इंटरप्ट बंद असतानाच होत होता, पण सिंक पल्स आल्यावर गुणक बदलणारा भाग थ्रेडमध्ये चालत होता आणि त्याने इंटरप्ट बंद न करणारे साधे स्पिनलॉक (मोकळे होईपर्यंत वाट पाहायला लावणारे लॉक) घेतले होते. हा दुसरा दोष पहिल्याचा शोध घेताना वाचून सापडला; तो एकदाही घडलेला नव्हता. दोन्ही ठिकाणी इंटरप्ट बंद करणारे रॉ स्पिनलॉक घातले. रॉ अशासाठी, की रिअल-टाइम कर्नलमध्ये, जो ६.१२ आवृत्तीपासून मूळ लिनक्सचा भाग आहे, साधे स्पिनलॉक धरलेला थ्रेडही मध्येच बाजूला सारला जाऊ शकतो. २०२० नंतरच्या कर्नलमध्ये सीककाउंटला त्याचे लॉक जोडून देता येते आणि लॉक न धरता बदल केला तर लॉकडेप ओरडतो. ही सोय जरूर वापरावी.

त्याच भागात गुणक बदलण्याचा क्रमही तपासावा. नवा गुणक लावण्यापूर्वी जुन्या गुणकाने आधारवेळ त्या क्षणापर्यंत आणून ठेवली पाहिजे, नाहीतर आधीच निघून गेलेला काळ नव्या दराने पुन्हा मोजला जातो आणि वेळ बारीक हिसका देते.

एनएमआय या खास प्रकारच्या इंटरप्टमधून वेळ लागत असेल तर सीककाउंट पुरत नाही, कारण एनएमआय बंद करता येत नाही. तिथे लॅच पद्धत वापरतात : सगळ्या माहितीच्या दोन प्रती ठेवायच्या, क्रमांकाच्या शेवटच्या बिटावरून वाचणाऱ्याने प्रत निवडायची आणि एक प्रत बदलली जात असताना दुसरी वाचण्याजोगी राहू द्यायची. कर्नलचे फास्ट मोनोटॉनिक वाचन असेच चालते, आणि गुणक बदलाच्या क्षणी ते किंचित मागे जाऊ शकते हे त्याच्या टिप्पणीतच लिहिलेले आहे. ट्रेससाठी, म्हणजे घटनांचा माग नोंदवण्यासाठी, ते चालते. हिशोबासाठी चालवू नये.

फरकावर झाकण ठेवण्याविषयी

या प्रकरणात आम्हाला आलेली सर्वांत सोपी सूचना अशी होती की फरक निम्म्या फेरीपेक्षा मोठा आला तर तो शून्य मानावा. लॉगमधल्या ओळी तेवढ्याने नक्की थांबल्या असत्या. कर्नलमध्येही अशी तपासणी आहे आणि तिला योग्य कारण आहे : वेगवेगळ्या कोअरवरचे टाइम स्टॅम्प काउंटर एकमेकांपेक्षा एखाद-दोन ठोके मागे-पुढे असू शकतात, आणि ते हार्डवेअरचे वास्तव सॉफ्टवेअरला बदलता येत नाही. आमच्याकडे काउंटर एकच होता. कोअरमधल्या फरकासाठी केलेला उपाय वाचण्याच्या चुकलेल्या क्रमासाठी वापरणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शिवाय गुणक जुना आणि नोंद नवी अशी दुसरी एखादी सरमिसळ उद्या झाली, तर ती लहान फरकाची असेल आणि या झाकणाखालून सहज निसटेल. आधी क्रम दुरुस्त करावा. मग हवी तर ही तपासणी मोजणीसह ठेवावी, म्हणजे ती कधी लागली ते कळेल.

एकाच माहितीच्या आणखी प्रती कुठे आहेत, हेही याच वेळी शोधावे. भारतीय वेळेनुसार १ जुलै २०१२ च्या रविवारी पहाटे साडेपाचला लीप सेकंद (घड्याळात घातलेला जादा सेकंद) आला तेव्हा जगभरातील अनेक लिनक्स सर्व्हरवर प्रोसेसरचा भार एकाएकी चढला, कारण मुख्य घड्याळाने तो सेकंद धरला, पण हाय रिझोल्यूशन टायमरजवळ असलेल्या फरकाच्या प्रतीपर्यंत ती बातमी पोचली नाही. तिथले टायमर एक सेकंद आधीच संपू लागले आणि प्रोग्राम पुन्हा पुन्हा जागे होत राहिले. नुसती तारीख पुन्हा त्याच वेळेला लावली की ती प्रत ताजी होऊन भार उतरत होता. आमच्या ड्रायव्हरमध्ये आधारवेळेची एक प्रत लॉग लिहिणाऱ्या भागाने स्वतःजवळ ठेवली होती. ती काढून टाकली.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवावे

चाचणीच्या बिल्डमधला ५० मायक्रोसेकंदांचा विलंब काढू नये. तो काउंटर वाचल्यानंतर लगेच, पण आता चक्राच्या आत ठेवावा आणि दोन मोजण्या घ्याव्यात : चुकलेली वाचने किती आणि क्रमांक बदलल्यामुळे पुन्हा करावी लागलेली वाचने किती. दुरुस्तीपूर्वी चुका साधारण २०० त एक होत्या आणि पुनर्वाचने जवळजवळ शून्य. दुरुस्तीनंतर चुका शून्य झाल्या आणि पुनर्वाचने साधारण २०० त एक झाली. जी वाचने आधी चुकत होती तीच आता पकडली जाऊन पुन्हा होत आहेत, हे यावरून दिसते. नुसत्या शून्य चुकांपेक्षा मला हा पुरावा जास्त मोलाचा वाटतो, कारण चाचणीच बंद पडली असती तरी चुका शून्यच दिसल्या असत्या.

विलंब काढलेल्या खऱ्या बिल्डसाठी वाचनांची संख्या हिशोबाने ठरवावी. ५०,००० त एक होणारी चूक १,५०,००० वाचनांत एकदाही दिसली नाही, तर ती गेली असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. प्रेसच्या गतीने याला जवळपास ४२ तास लागतात, पण लॅबमध्ये सेकंदाला १,००० वाचने घेतली तर अडीच मिनिटे. आम्ही एक कोटी वाचने घेतली, आणि या वेळी दोन कोअरच्या बोर्डावर.

पॅच (कोडमधील बदलाची नोंद) लिहिताना काउंटरची ओळ हलवणे, इंटरप्ट बंद करणारे लॉक आणि प्रत काढून टाकणे हे तीन वेगळे पॅच करावेत, म्हणजे जुन्या आवृत्त्यांत पहिला एकटा नेता येतो. पहिल्याच्या संदेशात दोन्ही कोअरचा घटनाक्रम ओळीला ओळ लावून लिहावा आणि १७८.९५६९७ हा आकडाही लिहावा. उद्या दुसऱ्या कोणाच्या लॉगमध्ये तीच उडी दिसली आणि त्याने तो आकडा शोधला, तर त्याला हा पॅच सापडेल. काउंटरच्या ओळीवर एक टिप्पणीही ठेवावी की ही ओळ चक्राबाहेर नेऊ नये आणि का नेऊ नये, कारण ती बाहेर नेण्याचा मोह पुढच्या माणसालाही तितक्याच चांगल्या हेतूने होईल.

भोसरीतल्या लॉगरवर नवे सॉफ्टवेअर एका गुरुवारी चढवले, कारण वीजपुरवठ्याच्या सुट्टीमुळे त्या दिवशी शॉप बंद असते. पुढच्या आठवड्याचा पूर्ण लॉग सुपरवायझरांनीच मागवून घेतला आणि प्रत्येक ओळीची वेळ आधीच्या ओळीशी ताडून पाहिली. पेनने गोल करण्याजोगी ओळ त्यांना सापडली नाही.